कळलावीची वेल आणि तिचें शास्त्रीय नांव

मृग नक्षत्राचा पाऊस स्थिरावला म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील गडग्यांच्या कडेनें, पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या झुडुपांतून आणि डोंगराच्या पायथ्याच्या रानांतून एक नाजूक वेल वर येऊं लागते. आषाढांत ती शेजारच्या करवंदीवर किंवा निवडुंगावर चढते, आणि श्रावण-भाद्रपदांत फुलली म्हणजे हिरव्या झुडुपावर कोणीं पिवळ्या-तांबड्या ज्वाळा ठेवल्या आहेत असा भास होतो. ही वेल ज्यानें पाहिली नाहीं असा शेतकरी कोंकणांत सांपडावयाचा नाहीं. परंतु तिचें नांव काय, असें दहा गांवांत विचारिलें तर पांच तरी उत्तरें मिळतील. कोणी कळलावी म्हणेल, कोणी खड्यानाग म्हणेल, कोणी बचनाग म्हणेल. घरांतील बायका गौरीचे हात म्हणतील. आणि वैद्य लांगली, अग्निशिखा, कलिकारी अशीं नांवें सांगतील. वनस्पतिशास्त्रांत मात्र तिचें मान्य नांव एकच आहे, आणि तें म्हणजे ग्लोरिओसा सुपर्बा.

असल्या परकी नांवाची शेतकऱ्यास गरज काय, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या मनांत येईल. आम्हांसहि तो पूर्वीं पडत असे. दारापुढील मांडवावर चढविलेल्या शोभेच्या वेलीचें नांव चुकलें म्हणून फारसें कांहीं बिघडत नाहीं, हें खरें. परंतु ह्या एका वेलीचें नांव चुकल्यास पैसा जातो आणि प्रसंगीं जीवहि जातो. तो कसा, हें सांगण्यासाठींच आजचा हा लेख आहे.

वेलीची ओळख

कळलावीचा कंद जमिनींत असतो. उन्हाळ्यांत जमिनीवर तिचें नांवनिशाण दिसत नाहीं. पहिल्या पावसानंतर कंदाच्या टोंकाशीं असलेला डोळा फुटून कोंब वर येतो, आणि थोड्याच दिवसांत तो माणसाच्या उंचीइतका व आधार मिळाल्यास त्याहूनहि उंच होतो. पानांना देंठ नसतो, आणि पानाचें टोंक लांब होऊन त्याचाच ताणा बनतो. काकडी-दोडक्याप्रमाणें निराळा ताणा ह्या वेलीस नसतो. पानाच्या शेंड्यानेंच ती आधार पकडते. ही खूण एकदां डोळ्यांत भरली म्हणजे फूल नसतांनाहि वेल ओळखतां येते.

फूल लांब देंठावर एकएकटें येतें आणि खालीं मान घालून असतें. त्यास सहा पाकळ्या असतात. त्या अरुंद व कडेला लाटांप्रमाणें दुमडलेल्या असून मागें उलटून वर वळतात, म्हणूनच त्या ज्वाळेसारख्या दिसतात. फूल उमलतांना पाकळ्या हिरवट-पिवळ्या असतात. मग त्या वरून तांबड्या होत जातात आणि शेवटीं सबंध फूल गडद तांबडें होतें. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणें बाजूंस पसरलेले असतात आणि स्त्रीकेसराची दांडी मुळाशींच काटकोनांत वळून बाहेर आलेली असते. ह्या वळणाचें महत्त्व लागवडीच्या भागांत पुढें सांगूं. फुलामागून शेंगेसारखें फळ येतें. तें वाळल्यावर तीन भागांनीं उकलतें व आंत तांबड्या रंगाचे गोल बी दिसतात.

कंद पाहिल्यावर वैद्यांच्या नांवाचा उलगडा होतो. तो दोन फांट्यांचा, इंग्रजी व्ही अक्षराच्या किंवा नांगराच्या आकाराचा असतो. संस्कृतांत लांगल म्हणजे नांगर. म्हणून ही लांगली किंवा हलिनी. शेतकऱ्याच्या औतावरून पडलेलें हें नांव आहे, आणि तें ठेवणाऱ्यानें कंद प्रत्यक्ष उकरून पाहिला होता यांत शंका नाहीं.

नांवांची गर्दी

लोकांनीं दिलेलीं नांवें व्यर्थ असतात असें आम्ही म्हणत नाहीं. उलट प्रत्येक नांवांत कांहींतरी माहिती सांठविलेली असते. कळलावी म्हणजे कळ लावणारी. हिचा कंद वाटून अडलेल्या बाईच्या अंगास बाहेरून लावीत, आणि त्यानें वेणा सुरू होतात असा समज होता. हें नांव त्यावरून आलें. परंतु मराठींत कळ ह्या शब्दाचा दुसरा अर्थ भांडण असाहि आहे. घरोघरीं भांडणें लावणाऱ्यास आपण कळलाव्या म्हणतों. त्यामुळें ही वेल दारीं लावली तर घरांत तंटे होतात अशी समजूत कांहीं ठिकाणीं रूढ झाली, आणि इतकी सुंदर वेल अंगणाबाहेर राहिली. एका शब्दाच्या दोन अर्थांनीं एका वेलीचें नशीब कसें ठरविलें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

गंमत अशी कीं, ज्या घरीं कळलावीस दारांत जागा नाहीं त्याच घरीं भाद्रपदांत तिला मानाचें स्थान मिळतें. गौरी आणतांना तेरड्याच्या जुडीबरोबर रानांतून हीं फुलेंहि आणतात. वर वळलेल्या पाकळ्या बोटांसारख्या दिसतात म्हणून त्यांस गौरीचे हात म्हणतात. म्हणजे एका नांवानें ती घराबाहेर गेली व दुसऱ्या नांवानें देवघरांत आली. अग्निशिखा हें नांव फुलाच्या रंगावरून, लांगली कंदाच्या आकारावरून, आणि विशल्या हें नांव अंगांत रुतलेलें शल्य बाहेर काढण्याच्या तिच्या मानलेल्या गुणावरून पडलें आहे.

हीं सर्व नांवें आपापल्या जागीं ठीक आहेत. अडचण उत्पन्न होते ती बचनाग ह्या एका नांवामुळें.

एक नांव आणि दोन विषें

बचनाग हा संस्कृत वत्सनाभ शब्दाचा अपभ्रंश आहे. वैद्यशास्त्रांत वत्सनाभ म्हणून जें विष प्रसिद्ध आहे तें हिमालयांत उंचावर होणाऱ्या एका झाडाचें मूळ होय. शास्त्रांत त्या झाडास अकोनायटम फेरॉक्स म्हणतात. तें थंड प्रदेशाचें आहे. कोंकणांतील उष्ण व दमट हवेंत तें होत नाहीं. तरीहि आपल्याकडे कळलावीच्या कंदास बचनाग म्हणण्याचा प्रघात पडला. दोन्ही जमिनीखालील कंद, दोन्ही जहरी, आणि दोन्ही वैद्याच्या पिशवींतील. तेव्हां एकाचें नांव दुसऱ्यास चिकटलें असावें.

परंतु हीं दोन विषें अगदीं निराळीं आहेत. हिमालयांतील बचनागांत अकोनिटीन नांवाचें द्रव्य असतें. तें पोटांत गेल्यास थोड्याच वेळांत ओंठ व जीभ बधिर होऊन मुंग्या येऊं लागतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. रोग्याचें काय तें बहुधा कांहीं तासांतच ठरतें. कळलावींतील विष म्हणजे कोल्चिसीन. तें सावकाश परंतु चिवटपणें काम करितें. खाल्ल्यानंतर कांहीं तासांनीं पटकीसारख्या ओकाऱ्या व जुलाब होतात. ते थांबले म्हणजे माणूस वांचला असें घरच्यांस वाटतें. परंतु खरा धोका पुढेंच असतो. त्यानंतरच्या दिवसांत मूत्रपिंडें, यकृत, हृदय आणि रक्त उत्पन्न करणारा हाडांतील मगज यांवर विषाचा परिणाम दिसूं लागतो. जो वांचतो त्याचे केंस पुढें एकदोन आठवड्यांनीं गळूं लागतात, इतकें तें विष शरीरांत खोल शिरलेलें असतें. ह्या विषावर सर्रास मिळणारा उतारा नाहीं. रोग्यास रुग्णालयांत ठेवून कित्येक दिवस संभाळणें हाच उपाय.

आतां असें समजा कीं, एखाद्यानें चुकीनें कळलावीचा कंद खाल्ला आणि त्याच्या घरच्यांनीं डॉक्टरांस सांगितलें, ‘ह्यानें बचनाग खाल्ला.’ डॉक्टर शिकलेले असतात पुस्तकांतील बचनाग. ते हृदयाकडे लक्ष देतील. दिवसभर कांहीं झालें नाहीं असें पाहून रोगी बरा झाला असें समजण्याचा संभव आहे. म्हणजे नांव चुकल्यामुळें बहुमोल दिवस फुकट जाईल. ह्याच्या उलट कोणीं ग्लोरिओसा हा एकच शब्द उच्चारला, किंवा वेलीचें पान व कंद बरोबर नेऊन दाखविला, तर योग्य उपाय पहिल्यापासून सुरू होतील. शास्त्रीय नांव हें विद्वत्तेचें भूषण नसून प्रसंगीं प्राण वांचविण्याचें साधन आहे, असें आम्ही म्हणतों तें ह्याचसाठीं.

चुकीनें कंद खाण्याचा प्रसंग कसा येईल, अशी शंका कोणी घेईल. सिंहलद्वीपांत, म्हणजे आजच्या श्रीलंकेंत, कळलावीचे कंद रताळीं समजून खाल्ल्याचीं व त्यांत माणसें दगावल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. आपल्याकडे करांदे, कणगी, कोनफळ असे नाना प्रकारचे कंद उकरून उकडून खाण्याची चाल आहे. पावसाळ्यानंतर वेल वाळून गेली म्हणजे जमिनींतील कंद कोणाचा हें ओळखणें कठीण जातें. परसांतील कणगीच्या शेजारीं कळलावी असेल तर तेथील कंद लहान मुलांस किंवा नव्या गड्यास काढूं देऊं नये.

शास्त्रीय नांव कसें पडलें

ह्या नांवाच्या इतिहासांत आपल्या पश्चिम किनाऱ्याचा मोठा भाग आहे. सतराव्या शतकांत कोचीन येथें डच लोकांचा अंमल असतां तेथील अधिकारी व्हान ऱ्हीड यानें मलबारांतील वनस्पतींचा हॉर्टस मलबारिकस नांवाचा १२ भागांचा सचित्र ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ ह्या काळांत ॲमस्टरडॅम येथें छापला गेला. हें काम केवळ परकीयांचें नव्हतें. इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण यांनीं झाडांचीं नांवें व गुण सांगितले. ह्या तिघांनीं १६७५ सालीं नागरी लिपींत लिहून दिलेला कोंकणी दाखला त्या ग्रंथांत छापलेला आहे. इतकेंच नव्हे, तर ग्रंथांतील चित्रांवर झाडांचीं नांवें रोमन, मलयाळी व अरबी लिपींबरोबरच नागरींतहि कोरलेलीं आहेत. आपल्या किनाऱ्यावरील झाडांचीं नांवें नागरी अक्षरांत यूरोपांत छापलीं गेलीं तीं अशीं, आणि ह्यास आज ३०० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

त्या ग्रंथांत कळलावीचें चित्र मेंदोनी ह्या मलबारी नांवानें आलें आहे. यूरोपांतील पंडित त्याच देशी नांवाशीं मिळतें असें मेथॉनिका हें नांव वापरीत. पुढें १७५३ सालीं स्वीडनमधील लिनियस यानें स्पीशीज प्लांटारम हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचें नांव देण्याची पद्धत घालून दिली. पहिला शब्द कुळीचा, दुसरा जातीचा. जसें आपल्याकडे आडनांव व नांव असतें, परंतु येथें आडनांव आधीं. लिनियसनें आपल्या वेलीस ग्लोरिओसा सुपर्बा म्हटलें. पहिल्या शब्दाचा अर्थ वैभवशाली आणि दुसऱ्याचा अर्थ दिमाखदार. तिचें ठिकाण म्हणून त्यानें मलबार लिहिलें. ही वेल आफ्रिकेंतहि विपुल आढळते आणि आज झिंबाब्वे देशाचें ती राष्ट्रीय पुष्प आहे. परंतु शास्त्रांत तिची नोंद झाली ती आपल्याच किनाऱ्यावरून.

नांव लिहितांना पहिला शब्द व दुसरा शब्द दोन्ही लिहावे. नुसतें ग्लोरिओसा म्हटल्यास त्या कुळींतील आफ्रिकेकडील दुसऱ्या वेलीहि त्यांत येतात. फुलांच्या व्यापारांत रोथशील्डियाना म्हणून जी गडद तांबड्या फुलांची वेल विकली जाते, तिला पूर्वीं स्वतंत्र जात मानीत. आतां ती सुपर्बांतच गणली जाते.

शास्त्रीय नांवेंहि बदलतात, त्याचें काय?

हा आक्षेप वाजवी आहे. दारोदारीं दिसणारी मधुमालती घ्या. सायंकाळीं पांढरीं उमलून पुढें गुलाबी व तांबडीं होणाऱ्या फुलांच्या ह्या वेलीस कोणी रंगूनची वेल म्हणतात. तिचें शास्त्रीय नांव कित्येक वर्षें क्विसक्वालिस इंडिका असें होतें. लॅटिन भाषेंत क्विस म्हणजे कोण आणि क्वालिस म्हणजे कसला. रंग व आकार पालटणाऱ्या ह्या वेलीनें नांव ठेवणाऱ्यासहि बुचकळ्यांत टाकलें होतें असें दिसतें. आतां शास्त्रज्ञांनीं ही कुळी दुसऱ्या कुळींत मिळविल्यामुळें तिला कॉम्ब्रेटम इंडिकम म्हणतात. कळलावीचेंहि गणगोत बदललें आहे. कूक यानें १९०१ ते १९०८ च्या दरम्यान मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ लिहिला, त्या काळीं ती लिलीच्या गणांत धरीत. आज ती कोल्चिकम ह्या झाडाच्या गणांत धरितात. ज्या कोल्चिकमवरून कोल्चिसीन हें नांव पडलें त्याच्याच शेजारीं तिला बसविलें, हें उचितच झालें.

परंतु शास्त्रीय नांव बदलणें आणि लोकांतील नांव घसरणें यांत एक मोठा भेद आहे. शास्त्रांत नांव बदललें तर कोणीं, केव्हां व कां बदललें याची नोंद राहते, आणि जुनें नांव पर्यायी म्हणून नव्या नांवाखालीं कायम लिहिलेलें असतें. जमिनीच्या फेरफाराची नोंद तलाठ्याच्या दप्तरांत असते तसाच हा प्रकार आहे. सात-बाऱ्यावरील नांव बदललें तरी फेरफार पाहून जमीन मूळची कोणाची हें सांगतां येतें. लोकांतील नांवांस मात्र असा फेरफार कोठेंच नाहीं.

व्यापारांत नांव चुकल्याचा एक अनुभव

आमच्या परिचयाच्या एका बागायतदाराकडे कांहीं वर्षांपूर्वीं एक फिरता दलाल आला आणि बचनागाचे वाळलेले कंद चांगल्या भावानें घेऊं असें सांगून गेला. कागद झाला नाहीं, बोलणें तोंडीच. आमच्या मित्रानें गडी लावून रानांतील व गडग्यांवरील कळलावीचे कंद उकरविले, धुवून वाळविले आणि दोन पोतीं भरून ठेवलीं. माल पाहून दलाल म्हणाला, हा बचनागच नव्हे. त्याच्या दृष्टीनें तें खरें होतें. त्यास हिमालयांतील मूळ पाहिजे होतें. आमच्या मित्राच्या दृष्टीनेंहि त्याचें खरें होतें. त्याच्या गांवीं ह्यासच बचनाग म्हणतात. भांडून उपयोग झाला नाहीं. गड्यांची मजुरी अंगावर पडली, पोतीं जपून पुरावीं लागलीं, आणि ज्या गडग्यांवर दरवर्षीं गौरीचीं फुलें मिळत तेथें पुढें फुलें दिसेनाशीं झालीं. कागदावर दोन शब्द लिहून घेतले असते तर हें सर्व टळलें असतें. ही हकीकत सांगण्यास आमच्या मित्राची संमति आहे. आपल्यासारखें दुसऱ्याचें होऊं नये, एवढाच त्याचा हेतु आहे.

वेलीचे उपयोग

शोभेची वेल म्हणून कळलावीस जगांत मोठा मान आहे. जपानांत कोची प्रांतांत तिचीं फुलें काचगृहांत वाढवून बाजारांत पाठवितात, कारण कापलेलें फूल पाण्यांत बरेच दिवस टिकतें. आपल्या देशांत ती तमिळनाडूचें राज्यपुष्प आहे.

औषधांत तिचा उपयोग जुना आहे, परंतु जपूनच. आयुर्वेदांत लांगलीस उपविषांत गणलें असून गोमूत्रांत भिजवून शुद्ध केल्याशिवाय ती वापरूं नये असें सांगितलें आहे. सरकारच्या औषधविषयक नियमांतहि विषारी द्रव्यांच्या यादींत लांगलीचें नांव आहे, आणि ती ज्या औषधांत असेल तें वैद्यकीय देखरेखीखालीं घ्यावें अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. आमच्या वाचकांनीं घरगुती उपचार म्हणून ती कधींहि वापरूं नये. विशेषतः बाळंतपणाच्या कामीं तिचा जुना वापर पूर्णपणें सोडून द्यावा.

आधुनिक वैद्यकांत कोल्चिसीन हें सांध्यांच्या एका दुखण्यावर, ज्यास वैद्य वातरक्त म्हणतात, दिलें जातें. हें द्रव्य पेल्तिए व काव्हान्तू ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं १८२० सालीं यूरोपांतील कोल्चिकमपासून वेगळें काढलें. पुढें तें कळलावींतहि विपुल असल्याचें आढळलें. कंदापेक्षां बियांत त्याचें प्रमाण अधिक असतें. १९३७ सालीं अमेरिकेंतील ब्लेकस्ली व एव्हरी यांनीं ह्याच द्रव्यानें वनस्पतींच्या पेशींतील रंगसूत्रें दुप्पट करतां येतात असें दाखविलें, आणि पिकांच्या नव्या जाती काढणाऱ्यांच्या हातीं मोठें साधन आलें. बिनबियांचें कलिंगड त्याच वाटेनें जपानांत तयार झालें. आपल्या खाडीकांठच्या मळ्यांत कलिंगडें करणाऱ्या शेतकऱ्यांस ही गोष्ट मौजेची वाटेल.

लागवड करावी काय?

तमिळनाडूंत दिंडीगल, तिरुप्पूर, करूर वगैरे जिल्ह्यांत शेतकरी बियांसाठीं कळलावीची शेती करितात. बी औषधें काढणारे कारखाने व निर्यात करणारे व्यापारी घेतात. भावांत मोठे चढउतार होतात आणि गिऱ्हाईक मोजकेंच असतें. तेव्हां तेथील भाव ऐकून येथें कोणीं एकदम एकरभर लागवड करूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. ते जिल्हे कमी पावसाचे आहेत. आपल्या जिल्ह्यांत वर्षाची सरासरी ३,००० मिलिमीटरांच्या वर आहे. पाणी सांचलें तर कंद कुजतो, आणि ऐन फुलाच्या वेळीं पावसाची झड लागली तर फळ धरत नाहीं. शिवाय स्त्रीकेसराची दांडी वळून बाहेर गेलेली असल्यामुळें पराग आपोआप तिच्यावर फारसा पडत नाहीं. तमिळनाडूंत रोज सकाळीं मजूर लावून हातानें पराग लावितात. तो खर्च हिशेबांत धरला पाहिजे.

हौसेसाठीं किंवा सणाच्या फुलांसाठीं दहापांच वेली लावण्यास मात्र हरकत नाहीं. जागा उताराची, निचऱ्याची व उन्हाची निवडावी. कंद ज्येष्ठांत, पावसाच्या आरंभीं, दोनतीन इंच खोल आडवा पुरावा. प्रत्येक फांट्याच्या टोंकास एकच डोळा असतो. तो मोडला तर तो फांटा सहसा फुटत नाहीं, म्हणून हाताळतांना जपावें. चांगला भरलेला, पांच तोळ्यांच्या आसपास वजनाचा कंद पहिल्याच वर्षीं फुलतो. बी लावल्यास फूल येण्यास तीनचार वर्षें लागतात. वेलीस काठी, तार किंवा जिवंत झुडुपाचा आधार द्यावा. काळ्या अंगावर तांबडे व पांढरे ठिपके असलेले सुरवंट पानें फस्त करितात. ते सकाळीं वेंचून मारावे. ह्या किड्याचें शास्त्रीय नांवहि आपल्या वेलीवरूनच पॉलिटेला ग्लोरिओसी असें ठेविलें आहे. दिवाळीच्या सुमारास वेल वाळली म्हणजे कंद जमिनींतच राहूं द्यावा किंवा काढून कोरड्या वाळूंत ठेवावा. काम करतांना हातमोजे घालावे, नंतर हात साबणानें धुवावे, आणि गुरें व मुलें यांस वेलीपासून दूर ठेवावें. काढलेले कंद स्वयंपाकघरांत किंवा कणगी-करांद्यांच्या टोपलींत कदापि ठेवूं नयेत.

आतां काय करावें

शेतकरी बंधूंस आमची विनंति एवढीच आहे. घरांत, देवापुढें व बोलण्यांत आपल्या गांवचें नांव खुशाल चालूं द्यावें. गौरीचे हात हें नांव आम्हांसहि प्रिय आहे. परंतु जेथें देवघेव आहे, औषध आहे किंवा दुखणें आहे, तेथें ग्लोरिओसा सुपर्बा हे दोन शब्द लिहावे. रोपवाटिकेची पावती, दलालाचा करार व वैद्याकडील पुडी ह्या तिन्ही ठिकाणीं ते मागून घ्यावे. जो विक्रेता ते लिहून देण्यास तयार नसेल त्याच्याशीं व्यवहार करूं नये. रानांतील माल विकण्यापूर्वीं वनखात्याकडे चौकशी करावी. झाडाविषयीं शंका असल्यास फूल, पान व कोंवळें खोड वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावें आणि दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील अगर जवळच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांस दाखवावें.

आणखी एक काम प्रत्येक गांवास करितां येण्यासारखें आहे. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वयें ग्रामपंचायतीस जैवविविधता समिति नेमून गांवच्या वनस्पति, प्राणी व त्यांविषयींचें ज्ञान यांची लोक-नोंदवही ठेवावयाची असते. कित्येक ठिकाणीं ती नांवापुरतीच असते. येत्या भाद्रपदांत, गौरीचीं फुलें आणण्यास बायका रानांत जातील तेव्हां, गांवांतील जाणत्या वृद्धांस व शाळेंतील एखाद्या शिक्षकास बरोबर घ्यावें. वेल कोठें आहे, तिला आपल्या वाडींत काय म्हणतात, शेजारच्या वाडींत काय म्हणतात, तिचें शास्त्रीय नांव काय आणि ती विषारी आहे, हें त्या वहींत एका ओळींत लिहून ठेवावें. साडेतीनशें वर्षांपूर्वीं तिघां कोंकणी वैद्यांनीं परक्या मुलुखांतील अधिकाऱ्यासाठीं जें केलें, तें आपण आपल्या मुलांसाठीं करण्यास कोणाची आडकाठी आहे?